त्रुटी व अपवाद हाताळणीचे दस्तऐवजीकरण

त्रुटी व अपवाद हाताळणीचे दस्तऐवजीकरण म्हणजे आज्ञावलीतील एखादे फंक्शन कोणत्या परिस्थितीत अयशस्वी होऊ शकते, ते अपयश कोणत्या मार्गाने कळवते आणि त्यानंतर प्रणालीची स्थिती काय असते, याची मूळ संहितेत, म्हणजेच सोर्स कोडमध्ये, केलेली लेखी नोंद होय. ही नोंद फंक्शनच्या शीर्षटिप्पणीत, संदर्भपुस्तिकेत किंवा काही भाषांमध्ये फंक्शनच्या घोषणेतच केली जाते. फंक्शन यशस्वी झाल्यास काय मिळते हे त्याच्या नावावरून व परतमूल्यावरून बहुधा समजते. अपयशाचे तसे नसते. ते लिहून ठेवले नाही तर वापरणाऱ्याला अपघात झाल्यावरच कळते.

== संज्ञा ==

त्रुटी ही व्यापक संज्ञा आहे. अपेक्षित काम पार न पडणे, असा तिचा सर्वसाधारण अर्थ. फाइल न सापडणे, स्मृती अपुरी पडणे, शून्याने भागाकार होणे ही तिची नेहमीची उदाहरणे होत. अपवाद ही त्रुटी कळवण्याची एक विशिष्ट यंत्रणा आहे. अपवाद उद्भवताच आज्ञावलीचा सरळ प्रवाह थांबतो आणि तो हाताळणारा भाग सापडेपर्यंत नियंत्रण एकेका हाक देणाऱ्या फंक्शनकडे मागे जात राहते. असा भाग कोठेच नसल्यास आज्ञावली बहुधा बंद पडते.

ज्या भाषांत ही यंत्रणा नाही, त्यांत त्रुटी परतमूल्यातून कळवली जाते. सी भाषेत अनेक फंक्शन्स ऋण १ किंवा रिक्त दर्शक परत करतात आणि त्रुटीचा क्रमांक 'एररनो' या चलात ठेवतात. या पद्धतीत दस्तऐवजीकरणाची गरज अधिकच तीव्र असते. 'स्ट्रटोल' हे फंक्शन अक्षरमालेचे संख्येत रूपांतर करते. त्याने शून्य परत केले तर मूळ मजकुरात शून्य होते की संख्या नव्हतीच, हे केवळ त्या उत्तरावरून ओळखता येत नाही. तसेच, यशस्वी हाकेनंतर एररनो आपोआप शून्य होत नाही. म्हणून हाक देण्यापूर्वी तो शून्य करावा लागतो. हे नियम पुस्तिकेत लिहिलेले असल्यामुळेच हे फंक्शन बिनधोक वापरता येते. युनिक्सच्या पुस्तिकांमध्ये त्यासाठी 'एरर्स' हा स्वतंत्र विभाग ठेवण्याची प्रथा आहे.

== इतिहास ==

१९६०च्या दशकात पीएल/वन या भाषेत 'ऑन' विधानाद्वारे विशिष्ट परिस्थिती उद्भवल्यास काय करावे हे सांगण्याची सोय होती. जॉन गुडइनफ यांनी १९७५ साली अपवाद हाताळणीच्या प्रश्नांची पद्धतशीर मांडणी करणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्याच दशकात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत बार्बरा लिस्कोव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेल्या सीएलयू भाषेत फंक्शनच्या शीर्षातच त्याचे संभाव्य अपवाद जाहीर करण्याची पद्धत आली. अपयश हाही फंक्शनच्या कराराचा भाग आहे, हा विचार येथे भाषेच्या व्याकरणातच उतरला.

पुढे एडा, सी++, जावा व पायथन या भाषांनी अपवाद स्वीकारले. पीएचपीमध्ये ते २००४ सालच्या पाचव्या आवृत्तीपासून आले. २००९ साली जाहीर झालेल्या गो भाषेने मात्र त्रुटी हे साधे मूल्य मानले. २०१५ साली पहिली स्थिर आवृत्ती आलेल्या रस्ट भाषेत यश किंवा अपयश धारण करणारा 'रिझल्ट' हा प्रकार वापरला जातो.

== नोंदीतील घटक ==

परिपूर्ण नोंदीत पुढील बाबी अपेक्षित असतात.

* अट : अपयश नेमके कोणत्या परिस्थितीत येते. 'काही चूक झाल्यास' असे मोघम लिहिणे निरुपयोगी ठरते.
* मार्ग : अपवाद, परतमूल्य, त्रुटी-क्रमांक की आज्ञावली थांबवणे.
* प्रकार : अपवादाचे किंवा त्रुटीचे नाव.
* नंतरची स्थिती : अर्धवट झालेले काम तसेच राहते की पूर्वस्थिती प्रस्थापित होते.
* जबाबदारी : उघडलेली फाइल बंद करणे किंवा घेतलेली स्मृती सोडणे हे काम कोणाचे.
* गृहीतके : एखादी तपासणी मुद्दाम वगळली असल्यास तिचे कारण.

यांपैकी नंतरच्या स्थितीसंबंधी सी++ भाषेच्या संदर्भात डेव्हिड अब्राहम्स यांनी मांडलेल्या हमीच्या पायऱ्या प्रसिद्ध आहेत. मूलभूत हमीत माहिती सुसंगत राहते, परंतु बदललेली असू शकते. सबळ हमीत काम पूर्ण होते, अन्यथा काहीच घडलेले नसते. सर्वोच्च हमीत अपवाद बाहेर येतच नाही. बँकेच्या खात्यातून रक्कम वजा करून दुसऱ्या खात्यात जमा करणारे फंक्शन घेतले, तर सबळ हमी का हवी हे लगेच ध्यानात येते. रक्कम वजा झाली आणि जमा होण्यापूर्वी अपवाद उद्भवला, तर पैसे कोठेच उरत नाहीत.

संदेशाचा मजकूर हा सहसा कराराचा भाग मानला जात नाही. तो आवृत्तीगणिक बदलू शकतो किंवा अन्य भाषेत अनुवादित होऊ शकतो. म्हणून त्रुटी ओळखताना तिचा प्रकार वा क्रमांक पाहावा, शब्द पाहू नयेत. संदेश माणसासाठी असतो आणि तो त्याला समजेल असा हवा. पीएचपीच्या त्रुटिसंदेशांत दुहेरी अपूर्णविरामासाठी 'पाअमायिम नेकुदोतायिम' हे हिब्रू नाव दीर्घकाळ दिसत असे. भाषेच्या गाभ्याचे रचनाकार इस्रायली असल्याने ते नाव आले होते. जगभरच्या नवशिक्यांना मात्र त्याचा अर्थबोध होत नसे.

== विविध भाषांतील पद्धती ==

जावामध्ये तपासणीबद्ध अपवाद फंक्शनच्या घोषणेत 'थ्रोज' या शब्दापुढे लिहावेच लागतात. ते हाताळले किंवा पुढे जाहीर केले नाहीत, तर संकलक आज्ञावली स्वीकारत नाही. 'रनटाइम एक्सेप्शन'च्या कुळातील अपवादांना हे बंधन नाही. त्यांच्यासाठी टिप्पणीतील 'थ्रोज' ही खूण हाच आधार असतो. जावाडॉक हे साधन अशा टिप्पण्यांवरून संदर्भपुस्तिका तयार करते.

पायथनमध्ये घोषणेत अपवाद लिहिण्याची सोयच नाही. तेथे फंक्शनच्या आरंभी येणाऱ्या वर्णनात ते नमूद करावेत, असे २००१ सालच्या 'पेप २५७' या मार्गदर्शक मसुद्यात म्हटले आहे. रस्टमध्ये 'एरर्स' व 'पॅनिक्स' असे दोन वेगळे मथळे देण्याची प्रथा आहे. पहिल्यात हाताळता येण्याजोगे अपयश, तर दुसऱ्यात आज्ञावलीतील चुकीमुळे येणारा थांबा नोंदवला जातो.

भाषेची अंमलबजावणी करणाऱ्या सोर्स कोडमध्ये या विषयाला वेगळे परिमाण मिळते, कारण तेथे अपवाद निर्माण करणारी फंक्शन्सच लिहिलेली असतात. पायथनची प्रमुख अंमलबजावणी सी भाषेत असून तेथील 'पायएर' या उपसर्गाची फंक्शन्स हे काम करतात. 'पायएर_सेटस्ट्रिंग' अपवादाचा प्रकार व संदेश नोंदवते. 'पायएर_ऑकर्ड' अपवाद प्रलंबित आहे का ते सांगते. 'पायएर_क्लिअर' तो पुसून टाकते. या फंक्शन्सच्या नोंदी आदर्श मानाव्यात अशा आहेत. पायएर_ऑकर्डच्या उत्तराची विशिष्ट अपवादाशी थेट तुलना करू नये, त्यासाठी 'पायएर_एक्सेप्शनमॅचेस' वापरावे, अशी सूचना तेथे कारणासह दिलेली आहे : उद्भवलेला अपवाद अपेक्षित प्रकाराचा उपप्रकार असल्यास थेट तुलना फसते. 'पायएर_नोमेमरी' नेहमी रिक्त दर्शकच परत करते. त्यामुळे अपवाद नोंदवणे व अपयश परत करणे या दोन गोष्टी एकाच ओळीत साधतात.

पीएचपीच्या गाभ्यात 'झेंड_थ्रो_एक्सेप्शन' हे फंक्शन अपवादाचा वर्ग, संदेश व क्रमांक घेऊन अपवाद उभा करते. २०१५ सालच्या सातव्या आवृत्तीत 'थ्रोएबल' ही समान पायाभूत संकल्पना आली आणि पूर्वी आज्ञावली थेट बंद पाडणाऱ्या अनेक गंभीर त्रुटी हाताळण्याजोग्या झाल्या.

== एरियान ५चा अपघात ==

४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयाना येथून एरियान ५ या युरोपीय अग्निबाणाचे पहिले उड्डाण झाले. उड्डाणक्रम सुरू झाल्यावर सुमारे ४० सेकंदांनी, ३,७०० मीटर उंचीच्या आसपास, तो मार्ग सोडून भरकटला व फुटला. त्यासोबत 'क्लस्टर' मोहिमेचे चार उपग्रह नष्ट झाले.

जाक-लुई लियाँस यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाने कारण शोधले. दिशादर्शक संगणकातील एडा भाषेच्या आज्ञावलीत ६४ बिटांच्या दशांश संख्येचे १६ बिटांच्या पूर्णांकात रूपांतर होत होते. संख्या मर्यादेबाहेर गेली आणि अपवाद उद्भवला. धोका असलेल्या सात चलांपैकी चारांना संरक्षण दिलेले होते, तर संगणकावरील भार मर्यादेत ठेवण्यासाठी तीन चले मोकळी ठेवली होती. त्यांची मूल्ये मर्यादा ओलांडणार नाहीत, हे गृहीतक एरियान ४च्या मार्गाला धरून होते. एरियान ५चा आडवा वेग कितीतरी अधिक होता. कोणताही अपवाद आल्यास संगणक बंद करावा, असा नियम असल्याने मुख्य व राखीव असे दोन्ही संगणक एकाच कारणाने बंद पडले. विशेष म्हणजे, रूपांतर करणारा तो भाग उड्डाणानंतर निरुपयोगी होता.

संरक्षण वगळण्याच्या निर्णयाचे समर्थन सोर्स कोडमध्ये कोठेही आढळले नाही, असे मंडळाने नमूद केले. निर्णय विचारपूर्वक व सर्वसंमतीने झाला होता. परंतु प्रचंड कागदपत्रांच्या ढिगात तो बाहेरच्या परीक्षकांच्या नजरेआड राहिला. वगळलेल्या तपासणीचे कारण त्या ओळीशेजारीच लिहावे, या आग्रहाला या अपघाताइतके ठळक उदाहरण क्वचितच असेल.

== बोरघाटातील समांतर उदाहरण ==

अपवाद हाताळणीचे तत्त्व संगणकाहून जुने आहे. १८६३ साली सुरू झालेला बोरघाटाचा रेल्वेमार्ग रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर परिसरातून खंडाळ्याकडे चढतो. तेथील चढ काही ठिकाणी ३७ फुटांत १ फूट इतका आहे. उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक निकामी झाल्यास तिला अडवण्यासाठी घाटात कॅच सायडिंग, म्हणजे चढावर नेणारे आडमार्ग, ठेवलेले आहेत. तेथील सांधे एरवी आडमार्गाच्याच बाजूने लावलेले असतात. गाडी ठरल्या जागी थांबून ब्रेक शाबूत असल्याचे सिद्ध झाल्यावरच सांधा मुख्य मार्गाकडे वळवला जातो.

यातील साम्य दोन बाबतींत आहे. अपयश गृहीत धरून मार्ग आधीच तयार ठेवलेला आहे. आणि कोणी, कोठे, केव्हा काय करावे हे रेल्वेच्या कार्यनियमांत लेखी आहे. सांध्यावरील कर्मचारी बदलला तरी नियम बदलत नाही. सोर्स कोडमधील नोंदीकडूनही हीच अपेक्षा असते.

== मर्यादा ==

टिप्पणी संकलक तपासत नाही. त्यामुळे आज्ञावली बदलली आणि नोंद तशीच राहिली, तर ती दिशाभूल करते. जावातील सक्तीच्या घोषणेवरही टीका झाली आहे. तिला कंटाळून अपवाद पकडायचा आणि रिकामा सोडायचा, ही सवय लागते. सी++मध्ये घोषणेतील अपवादांची यादी देण्याची जुनी पद्धत निरुपयोगी ठरल्याने २०१७च्या प्रमाणकातून काढून टाकण्यात आली. 'नोएक्सेप्ट', म्हणजे अपवाद बाहेर येणार नाही एवढी हमी, तेवढी उरली. नोंदीतील प्रत्येक अपयशासाठी स्वतंत्र चाचणी लिहिणे, हा नोंद खरी ठेवण्याचा सर्वांत भरवशाचा उपाय मानला जातो.

== हेही पाहा ==

* संगणक आज्ञावली
* जावा
* पायथन
* एरियान ५
* बोरघाट