दीड हजारांचं गाव आणि सत्तावीस हजार जन्म

आज एका आकड्यापासून सुरुवात करू. यवतमाळ जिल्ह्यात आर्णी तालुक्यात शेंदूरसनी नावाचं गाव आहे, लोकसंख्या साधारण दीड हजार. २०२५ च्या सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत तिथल्या ग्रामपंचायतीच्या नावावर २७ हजारांहून जास्त जन्मनोंदी झाल्या. तुम्ही बातमी वाचली असेल, बहुतेकांनी ती राजकारणाची म्हणून वाचली. मी मात्र आधी कॅल्क्युलेटर काढला (सायन्सवाल्यांची खोड, जात नाही).

महाराष्ट्राचा जन्मदर हजारी पंधराच्या आसपास आहे. म्हणजे दीड हजारांच्या गावात वर्षाला बावीस-तेवीस जन्म आणि तीन महिन्यांत पाच-सहा. त्या वेगाने २७ हजार जन्म व्हायला हजार वर्षांहून जास्त काळ लागेल. खरं तर माझे हे पाच-सहासुद्धा जास्तच आहेत, कारण जन्माची नोंद आईवडिलांच्या गावी होत नाही, बाळ जिथे जन्मलं तिथे होते. आता बहुतेक बाळंतपणं दवाखान्यात होतात, म्हणजे आर्णीला किंवा यवतमाळला. गावच्या रजिस्टरवर हातच्या बोटांवर मोजण्याइतक्या नोंदी असायला हव्यात.

मग प्रश्न असा की एवढा मोठा आकडा तीन महिने कुणाला दिसला कसा नाही? याचं उत्तर शोधायला जरा मागे जावं लागतं.

विदर्भातल्या तुम्हा लोकांना ‘कोतवाल बुक’ वेगळं सांगायला नको. वऱ्हाडात गावातला जन्म-मृत्यू पोलीस पाटील आणि कोतवाल नोंदवायचे. तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी. फेलोशिपसाठी जात पडताळणी करताना आजोबांची नक्कल काढायला मी तहसीलमध्ये तीन चकरा मारल्या. कागद पिवळा पडलेला, अक्षर असं की बाजूच्या बाबूलाच विचारावं लागलं. त्या नोंदीत चुका भरपूर असायच्या. मुलींची नावं बऱ्याचदा लिहिलेलीच नसत, नुसतं ‘मुलगी’. त्या काळाचं कौतुक करायला मी हे सांगत नाहीये. पण त्या पुस्तकाची एक गोष्ट लक्षात घ्या: ते एका गावात होतं आणि लिहिणारा माणूस त्या घराला ओळखत होता. खोटी नोंद करायची तर गावात यावं लागे, कोतवालाला गाठावं लागे, आणि एका रात्रीत फार तर दहा-वीस नोंदी खरडता आल्या असत्या. सुरक्षा कुणी मुद्दाम रचलेली नव्हती, कागदाच्या गैरसोयीतूनच ती आपोआप मिळत होती.

१९६९ मध्ये जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा आला आणि खेड्यात ग्रामसेवक निबंधक झाले. २१ दिवसांच्या आत नोंद करायची. एक वर्ष उलटलं असेल तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. म्हणजे उशिराच्या नोंदीसाठी कायद्याने दार अरुंद ठेवलं होतं.

त्यानंतर गावात संगणक आला. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने मुंबईसारख्या मोजक्या महानगरांत इंटरनेट लोकांसाठी खुलं केलं, तेव्हा आपल्याकडे साधा फोन लागायची मारामार. १९९८ मध्ये कोल्हापूर-सांगलीकडे वारणेला ७० गावांत संगणक पोचवण्याचा प्रयोग झाला. तिथे मागे साखर कारखाना होता आणि संगणकाला रोजचं काम होतं, ते म्हणजे उसाच्या नोंदी. आपल्याकडे कापूस. कापसाला असा कारखाना नाही. आपल्या ग्रामपंचायतींत संगणक आला तो थेट सरकारी योजनेतून, २०११ च्या सुमारास ‘संग्राम’ प्रकल्पात, आणि पुढे त्याचंच ‘आपले सरकार सेवा केंद्र’ झालं. त्याच २०११ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्राने अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर न्यायची योजना मंजूर केली, तिलाच आज आपण भारतनेट म्हणतो.

आता जमिनीवर काय होतं ते बघा. रस्त्याचं काम निघालं की केबल तुटते. एका ग्रामसेवकाकडे दोन-तीन गावं. पोर्टल दिवसा चालत नाही. मग लॉगिन आणि पासवर्ड ज्याच्याकडे नेट आहे त्याच्याकडे जातो, तालुक्याच्या ठिकाणच्या एखाद्या ऑपरेटरकडे. ओटीपी फोनवर सांगितला जातो. यात कुणाची वाईट नियत असतेच असं नाही, काम अडू नये एवढाच हेतू. शेंदूरसनीत नेमकं असंच घडलं असं मी म्हणत नाही, तो तपासाचा भाग आहे. प्राथमिक चौकशीत त्या ग्रामपंचायतीच्या आयडीचा संबंध मुंबईशी निघाला, एवढं जाहीर झालं. पण आपण नेट पोचण्याचा प्रश्न आणि सुरक्षेचा प्रश्न अशी दोन वेगळी प्रकरणं लिहितो, तिथे मला शंका आहे. माझ्या मते जिथे नेट अर्धवट पोचतं, तिथे पासवर्ड गाव सोडून फिरायला लागतो.

आणखी एक तुलना. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ ला पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला, ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. ते लगेच कळलं, कारण पैसे जातात तेव्हा हिशेब तुटतो. जन्माच्या रजिस्टरमधून मात्र काहीच जात नाही, उलट त्यात भर पडते. कुणाचं खातं रिकामं होत नाही, तक्रार करायला कुणी येत नाही. इथे गोष्ट उघडकीस आली ती उशिरा केलेल्या नोंदी तपासायची मोहीम निघाली म्हणून.

आणि किंमत वाढली आहे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर, १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून मतदार यादीपर्यंत जन्मदाखला हाच पुरावा. उद्या संशय वाढला म्हणून नियम कडक झाले, तर चकरा त्या टोळीला नाही, आर्णीच्या एखाद्या खऱ्या आईला माराव्या लागतील. तिसऱ्या चकरेला बाबू काय म्हणतो ते मला माहीत आहे.

तुमच्यापैकी कुणी आरोग्य, लोकसंख्या किंवा अर्थशास्त्रात प्रस्ताव लिहीत असाल आणि यवतमाळचा २०२५ चा जन्मनोंदणीचा डेटा वापरणार असाल, तर जिल्ह्याची एकूण बेरीज घेऊ नका. ती तालुकावार मागा आणि आर्णी वेगळा काढा. ‘जन्माची तारीख’ आणि ‘नोंदणीची तारीख’ हे दोन्ही रकाने मागा, नुसती वर्षाची बेरीज देत असतील तर पुन्हा अर्ज करा. आणि गाइडला विचारण्याआधी एकदा लोकसंख्येने भागून बघा.