अक्कलदाढ काढायची की ठेवायची?

मागे आमच्या बचत गटाच्या बैठकीत चाकणला कंपनीत जाणाऱ्या एका ताईंनी कर्ज मागितलं. कशासाठी? चारही अक्कलदाढा काढायला. दुखत होती एकच. मग बाकीच्या तीन कशाला? या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे.

ही दाढ साधारण १७ ते २५ व्या वर्षी, समज येण्याच्या वयात येते, म्हणून ती अक्कलदाढ. माणूस अन्न शिजवून मऊ खाऊ लागला, तसे हजारो वर्षांत जबडे लहान झाले. दाढेला जागा पुरेना. ती आडवी अडकते किंवा अर्धीच वर येते. हिरडीखाली घास साठतो, पू होतो.

आपल्या आज्या लवंग धरायच्या, नाहीतर मिश्री लावायच्या. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. तिने दुखणं जात नाही, व्यसन मात्र लागतं आणि कॅन्सरचा धोका वाढतो. पू गळ्यात उतरला तर पूर्वी जीवही जायचा. पुढे पेनिसिलिन आलं. १९५४ साली आपल्या पिंपरीत युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि हे औषध इथेच बनू लागलं. पण गोळीने सूज उतरते, अडकलेली दाढ तिथेच राहते. म्हणून दुखणं फिरून येतं.

भूल आणि एक्स-रे आल्यावर दाढ काढणं सोपं झालं. मग परदेशात न दुखणाऱ्या दाढाही सर्रास काढू लागले. २००० साली ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेला सल्ला देणाऱ्या संस्थेने सांगितलं, की आजार नसलेली अडकलेली दाढ नुसती खबरदारी म्हणून काढू नका. कारण काढताना नस दुखावून ओठ किंवा जीभ बधिर होऊ शकते.

मग काढायची कधी? पू वारंवार होत असेल, कीड भरून निघण्यासारखी नसेल, शेजारची दाढ खराब होत असेल किंवा गाठ झाली असेल तर. नाहीतर ठेवा, पण तपासत राहा. तोंड उघडेना, गिळता येईना, ताप आणि गळ्याला सूज आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आमच्या ताईंनी दुसऱ्या डॉक्टरांना एक्स-रे दाखवला आणि विचारलं, "ही का काढायची? नाही काढली तर काय होईल?" एकच दाढ काढावी लागली. कर्जही थोडकंच लागलं. मैत्रिणींनो, हे दोन प्रश्न तुम्हीही विचारा. विचारायला लाजू नका.