नागपूर, पण नागपुरात

मुलं 'मी नागपूरात राहतो' असं लिहितात आणि मी 'पू'भोवती लाल गोल काढतो. 'सर, फळ्यावर तर तुम्हीच नागपूर लिहिलं ना!' असं दरवर्षी कुणीतरी म्हणतंच. गावाच्या नावातला 'पूर' दीर्घ, पण प्रत्यय लागला की ह्रस्व, हा नियम मी सांगतो. तो कुठून आला, हे मात्र कुणी सांगत नाही.

आज शाळेत चालतात ते मराठी साहित्य महामंडळाचे १८ नियम. १४ नियम राज्य सरकारने १९६२मध्ये स्वीकारले, ४ पुढे १९७२मध्ये आले. महामंडळात आपला विदर्भ साहित्य संघही होता. त्यामुळे सगळं पुण्याने लादलं, हे म्हणणं सोयीचं असलं तरी पुरतं खरं नाही.

१९६२पूर्वीची वही आठवून पाहा. 'तें', 'मुलें', 'कांहीं', 'नांव' ही तेव्हाची शुद्ध रूपं. टिंब विसरलं की चूक. नंतर तेच टिंब दिलं की चूक. 'कवि' आणि 'बुद्धि' बरोबर होते, ते 'कवी' आणि 'बुद्धी' झाले. म्हणजे एकाच शिक्षकाने निम्मी नोकरी जे दुरुस्त करण्यात घालवली, तेच उरलेल्या नोकरीत उलटं दुरुस्त केलं असणार! त्या काळात शाळा बदललेल्या पोराचे हाल तर विचारूच नका.

आणखी मागे जा. नागपूरकर भोसल्यांचा पत्रव्यवहार मोडीत चाले, आणि मोडीत ह्रस्व-दीर्घाचा भेद पाळलाच जात नसे. आज ज्या चुकीवर सर्वांत जास्त लाल शाई खर्च होते, ती तिथे करताच येत नव्हती. तरी सारा वसूल झाला, तह झाले. पुढे छापखाने आणि सरकारी शाळा आल्या, दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६मध्ये छापलं गेलं, आणि एका शब्दाचं एकच रूप हवं ही गरज वाढत गेली. ती खोटी नाही. म्हणूनच मी लाल पेन टाकून दिलेलं नाही.

पण दुसऱ्या प्रकारच्या गोलापाशी माझा हात थबकतो. 'मले पानी पाहिजे.' 'डोया दुखून राहिला.' यात निष्काळजीपणा कुठे आहे? पोरगं घरी ऐकतं तेच नेमकं लिहितं. ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणाच्या १९०५च्या सातव्या खंडात 'ण'ऐवजी 'न' ही इकडच्या बोलीची लकब म्हणून नोंदलेली आहे, चूक म्हणून नाही. 'करून राहिलो'त हिंदीची सावली दिसते, आणि दिसणारच: १८६१पासून १९५६पर्यंत नागपूर हिंदी-मराठी मुलखाची राजधानी होतं. १ नोव्हेंबर १९५६ला विदर्भ मुंबई राज्यात गेला. १९६७मध्ये बालभारती स्थापन झाली आणि पुढे राज्यभर एकच पाठ्यपुस्तक आलं. आजीची भाषा नातवाच्या वहीत 'अशुद्ध' ठरली.

याच नियमांत एक फट आहे. पात्राच्या तोंडी 'असं केलं' लिहायला हरकत नाही. एरवी 'असे केले'च. (नियम कडक लावला तर या लेखातलं प्रत्येक 'असं' लाल गोलात जाईल.) मुभा आहे, पण तिचा नमुना पुण्या-मुंबईच्या बोलण्याचा. मी ती फट थोडी रुंद करतो. गोष्टीतली आजी बोलत असेल तर 'मले'ला गोल नाही. निबंधात असेल तर 'अशुद्ध' हा शब्द न वापरता समासात लिहितो: 'घरी मले, पेपरात मला'.

पेपर तपासणारा दुसराच असतो, तो मार्क कापतो. हेही मी त्यांना आधीच सांगून ठेवतो.