भरती-ओहोटीनुसार बदलणारी स्क्रीन : एका साध्या मोबाइल अ‍ॅपची रचना

नवी मुंबईतील नेरूळ-सीवूड्सच्या उंच इमारतींना लागून असलेले करावे हे मुळात खाडीकाठचे गाव. आगरी-कोळ्यांची वस्ती, टी. एस. चाणक्य ही नौकानयनाचे शिक्षण देणारी संस्था आणि तिच्या आसपासच्या पाणथळ जागा ही या परिसराची ओळख. भरतीच्या वेळी ठाणे खाडीतील चिखलमैदाने पाण्याखाली जातात, तेव्हा तेथे चरणारे रोहित पक्षी या पाणथळींवर विसाव्यास येतात. खाडीतील त्यांच्या अधिवासाला २०१५मध्ये अभयारण्याचा आणि २०२२मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. होडी काढणारा कोळी असो की दुर्बीण घेऊन आलेला पक्षिनिरीक्षक, दोघांचाही पहिला प्रश्न एकच असतो : आता भरती की ओहोटी? या एका प्रश्नाचे उत्तर देणारे अ‍ॅप हा बदलत्या स्क्रीनची रचना समजून घेण्याचा सोपा मार्ग आहे.

आधी हिशेब

कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की मुंबईतील पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. तेथून साधारण सहा तास बारा मिनिटांनी पूर्ण ओहोटी आणि सुमारे बारा तास पंचवीस मिनिटांनी पुढची भरती. हे गणित संगणकाला एका ओळीत सांगता येते. मात्र ते ढोबळ आहे. पंधरा तिथींत भरतीची वेळ बारा तासांनी पुढे सरकते, म्हणजे तिथीमागे सरासरी ४८ मिनिटे. रीत मात्र ४५ धरते. शिवाय बंदराच्या मुखाशी आणि खाडीच्या आत भरतीची वेळ एकच नसते. म्हणून शिकण्यासाठी ही रीत उत्तम असली, तरी प्रत्यक्ष वापराच्या अ‍ॅपमध्ये भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-तक्त्यातील वेळाच घ्याव्यात.

अवस्था आणि स्क्रीन

आपल्या अ‍ॅपला चारच अवस्था आहेत : पाणी चढत आहे, भरती पूर्ण आहे, पाणी उतरत आहे आणि माहिती उपलब्ध नाही. पूर्वी प्रोग्रॅमर स्क्रीनवरील प्रत्येक घटकाला स्वतंत्र आज्ञा देत असे : ही अक्षरे पूस, तो रंग बदल, हे बटण लपव. घटक वाढले की एखादी आज्ञा राहून जाई आणि अक्षरे ‘ओहोटी’ म्हणत असताना बाण मात्र वरच्या दिशेला राही. यावर उपाय म्हणून आलेल्या पद्धतीत प्रत्येक अवस्थेत स्क्रीन कशी दिसावी, एवढेच वर्णन लिहायचे असते. अवस्था बदलली की त्या वर्णनावरून स्क्रीन नव्याने मांडण्याचे काम प्रणाली करते. डिसेंबर २०१८मध्ये पहिली स्थिर आवृत्ती आलेले गुगलचे फ्लटर, २०१९मध्ये जाहीर झालेले अ‍ॅपलचे स्विफ्टयूआय आणि जुलै २०२१मध्ये स्थिर झालेले अँड्रॉइडचे जेटपॅक कंपोज ही तिन्ही साधने याच विचारावर उभी आहेत.

काम तीन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात अवस्था एकाच जागी साठवावी. तीच माहिती दोन ठिकाणी ठेवली की त्यांच्यात कधी ना कधी तफावत पडते. दुसऱ्या टप्प्यात चारही अवस्थांचे वर्णन लिहावे. तिसऱ्या टप्प्यात अवस्था कशाने बदलते ते ठरवावे. आपल्याकडे दर मिनिटाला पुढे सरकणारे घड्याळ आणि वापरणाऱ्याने निवडलेली तारीख ही दोनच कारणे आहेत. घड्याळाने थेट अक्षरांना हात लावू नये. त्याने फक्त अवस्था बदलावी.

नवशिक्यांची एक चूक येथे सांगायला हवी. अँड्रॉइड फोन आडवा केला की स्क्रीन सहसा नव्याने बांधली जाते आणि केवळ तिच्यात ठेवलेली माहिती पुसली जाते. निवडलेली तारीख टिकवायची, तर अवस्था स्क्रीनच्या बाहेर, अँड्रॉइडमध्ये ‘व्ह्यूमॉडेल’ म्हणतात त्या भागात ठेवावी.

चौथी अवस्था सर्वांत महत्त्वाची

पहिल्या तीन अवस्था कोणीही लिहितो. चौथी अनेकदा राहून जाते. कालचा तक्ता आज दाखवला, तर पाऊण तासाचा फरक पडतो. आठवड्याभरापूर्वीचा दाखवला, तर फरक सहा तासांच्या घरात जातो, म्हणजे भरतीच्या जागी ओहोटी दिसते. चिखलात उतरलेल्या माणसासाठी ही किरकोळ चूक नव्हे. म्हणून त्या दिवसाच्या वेळा हाताशी नसतील, तेव्हा स्क्रीनने जुने उत्तर पुसून ‘माहिती उपलब्ध नाही’ असे ठळकपणे म्हणावे. सुदैवाने भरतीच्या वेळा आधीच काढता येतात. वर्षभराचा तक्ता फोनमध्येच साठवला, तर खाडीत नेटवर्क नसले तरी अडत नाही. वारा आणि पाऊस मात्र तक्त्यात नसतात. हवामान खात्याच्या इशाऱ्याची जागा हे अ‍ॅप घेऊ शकत नाही.

रंगावरच भिस्त ठेवू नये. भर उन्हात निळा आणि हिरवा सारखाच भासतो. शब्द आणि बाण दोन्ही असावेत, अक्षरे फोनच्या निवडीनुसार मोठी व्हावीत. ‘उधाण’ आणि ‘भांग’ हे किनाऱ्यावरचे शब्द तसेच ठेवावेत. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था आणि हैदराबादची इन्कॉइस यांच्या साहाय्याने रायगडच्या मच्छिमारांसाठी ‘एमकृषी फिशरीज’ ही सेवा उभी केली होती. मासळीच्या संभाव्य क्षेत्रांची उपग्रहाधारित माहिती तिच्यामुळे मच्छिमारांच्या मोबाइलवर पोहोचली.

अ‍ॅप तयार झाल्यावर त्याची परीक्षा घरात बसून घेऊ नये. करावेच्या काठावर जाऊन एक पूर्ण भरती आणि एक पूर्ण ओहोटी पाहावी आणि पाणी वळते त्या क्षणी स्क्रीनही वळते का, ते घड्याळ लावून तपासावे. फरक आढळला, तर दुरुस्ती तक्त्यात किंवा प्रोग्रॅममध्येच करावी लागेल, कारण खाडी आपल्या वेळेनेच चालते.