खर्ड्याची तहान

खर्डा म्हटले की 11 मार्च 1795 ची लढाई आठवते. सवाई माधवराव पेशव्यांच्या निशाणाखाली शिंदे, होळकर, भोसले व पटवर्धन एकत्र आले आणि निजामाचा पराभव झाला, हे शाळेतला मुलगाही सांगेल. त्या विजयाचा पोवाडा मी आज गाणार नाही. सुट्टीत मुलाबाळांसह प्रवासाला निघण्याचा बेत आपल्यापैकी अनेकांनी केला असेल. त्यांच्यापुढे या लढाईची घरगुती बाजू ठेवावी, एवढाच हेतू आहे.

निजामअली लाखाच्या घरातील फौज घेऊन निघाला, तो जनानखान्यासह. मोहरीचा घाट उतरून परांड्याच्या रोखाने जाताना मराठ्यांशी गाठ पडली. तोफांच्या आवाजाने जनानखाना घाबरला, बेगमेने आग्रह धरला आणि निजाम खर्ड्याच्या किल्ल्याच्या आसऱ्याला गेला, असे ग्रँट डफने लिहिले आहे. धनीच मागे फिरल्यावर फौजेचा धीर कसा टिकावा? किल्ला लहान, माणसे फार, भोवती मराठे. पाणी व दाणावैरण तुटताच निजाम तहाला आला. तीन कोट रुपये, दौलताबादचा किल्ला व मोठा मुलूख त्याने कबूल केला. दिवाण मुशीर-उल्-मुल्कही स्वाधीन करावा लागला. प्रत्यक्ष लढाईत माणसे फार थोडी पडली होती.

या अपयशाचे खापर त्या बेगमेच्या माथी फोडणे सोपे आहे. पण तिला रणांगणावर आणले कोणी? कुटुंब बरोबर घ्यायचे आणि त्याच्या पाण्याची व निवाऱ्याची तरतूद करायची नाही, हा दोष नेणाऱ्याचा. आपणही यातून सुटलेले नाही. 1761 मध्ये पानिपतावर बायकामुले आणि यात्रेकरू फौजेबरोबर होते. रसद तुटल्यावर त्यांचे काय हाल झाले, ते सर्वश्रुत आहे.

आता याच जामखेड तालुक्यातील चौंडीकडे वळू. 1725 साली तेथे अहिल्याबाई होळकरांचा जन्म झाला. काशीपासून सोमनाथापर्यंत त्यांनी घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या, अन्नछत्रे चालविली. अनोळखी वाटसरूची तहान त्यांनी आधीच ओळखली होती. खर्ड्याच्या लढाईनंतर पाच महिन्यांनी, ऑगस्ट 1795 मध्ये, त्या निवर्तल्या. आज जिल्हा त्यांच्या नावाने ओळखला जातो. एकाच मुलुखातले हे दोन धडे आहेत.

म्हणून खर्ड्याला जाल तेव्हा उन्हाच्या आधी निघा. पाण्याचे भांडे हाताशी असू द्या आणि म्हातारे व मुले थकण्यापूर्वी थांबा. शिदोरी घ्या, पण वाटेवरच्या अन्नाला नाक मुरडू नका. हा ज्वारीचा मुलूख. थंडीत आलात तर शेतातला हुरडा, एरवी तव्यावरून उतरलेली भाकरी, पिठले आणि हिरव्या मिरचीचा खर्डा खा. मुलांना मात्र तो बेताने द्या! जवळच्या कुंथलगिरीचे पेढे त्यांची समजूत काढतील. डोळ्यांदेखत शिजलेले, गरम अन्न निःशंकपणे घ्यावे. उघडे पडलेले, चिरून ठेवलेले टाळावे. भाकरी वाढणाऱ्या बाईला तिच्या गावाची हकीकत विचारा. पुस्तकात न सापडणारे काही कानी पडेल.

मग किल्ल्यात जा. मुले हमखास पाणी मागतील. ते त्यांना द्या आणि इथेच एक बादशाही लवाजमा तहानेने कसा नमला, ते सांगा. तो इतिहास ती विसरणार नाहीत.