पाण्याच्या पुढे निरोप

११ जुलै १९६१, मंगळवार

पुण्याच्या वरच्या अंगाला आंबी नदीवरचं पानशेत धरण अजून पुरतं झालेलं नव्हतं. ते १९६२ साली व्हायचं होतं, पण वर्षभर आधीच पाणी अडवायचं ठरलं. पाणी सोडायच्या मोरीचा दरवाजा वरखाली करणारी यंत्रणा बसली नव्हती आणि दरवाजा अर्धवट उघडा अडकला होता. त्याखालून पाणी हिसके देत बाहेर पडत राहिलं. त्या हादऱ्यांनी मोरीवरचा मातीचा भराव खचू लागला. अडीच तासांत तो सुमारे १.४ मीटर बसला. पाणी आणि धरणाचा माथा यांच्यात जेमतेम दोन फूट उरले.

११ जुलै, रात्र

अमावास्या दुसऱ्या दिवशी होती. अशा काळोखात, पावसात लष्कराचे जवान खचणाऱ्या भरावावर वाळूची पोती रचत होते. पायाखालची माती जातेय हे त्यांना दिसत होतं, तरी ते हटले नाहीत. धरण वाचलं नाही, पण फुटणं लांबलं. ते मध्यरात्री फुटलं असतं तर पुण्याच्या नदीकाठच्या पेठा झोपेतच गेल्या असत्या. त्या जवानांचं ऋण पुण्याने पुरेसं बोलून दाखवलेलं नाही, असं मला मनापासून वाटतं.

मात्र त्या रात्री करण्यासारखी कामं दोन होती. एक धरण सावरण्याचं, दुसरं खालच्या माणसांना उठवण्याचं. पहिल्यासाठी जीव पणाला लागले. दुसऱ्यासाठी दारोदार कंदील घेऊन माणसं फिरायला हवी होती. कसबा, शनिवार, नारायण या पेठा रात्रभर शांत निजलेल्या होत्या.

१२ जुलै, सकाळी सातच्या सुमारास

भराव फुटला. पानशेतचं पाणी खालच्या खडकवासला धरणाच्या रोखाने निघालं.

सकाळ ते दुपार

खडकवासला १८७९ सालचं, दगडी बांधणीचं. एवढं पाणी त्याच्या हिशोबात कधीच नव्हतं. भिंतीवरून सुमारे २.७ मीटर उंचीने पाणी वाहत होतं आणि तरी ते जुनं धरण जवळजवळ चार तास उभं राहिलं. हे तास फार मोलाचे होते. तोवर पुण्यात पाणी चढू लागलं होतं, पोलीस काठावरच्या लोकांना हलवत होते. पण पूर आला की पुलावर जाऊन बघायचं, ही शहराची जुनी सवय. धोका किती मोठा, हे नेमकं कुणी सांगितलेलं नसलं की माणूस बघायलाच जातो. त्याचा दोष एकट्या बघणाऱ्यावर टाकायला माझं मन घेत नाही.

वाड्यांच्या माळवदांवरून, झाडांवरून माणसं उतरवली ती शेजाऱ्यांनी, तरुण पोरांनी, हाताला मिळेल तो दोर घेऊन. तेव्हा राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल नव्हतं.

दुपार

खडकवासला फुटलं. लकडी पूल, नवा पूल पाण्याखाली गेले. बंडगार्डनचा तेवढा वर राहिला. वीज गेली, नळ कोरडे पडले. हजारच्या आसपास माणसं गेली असा अंदाज सांगितला जातो. पूर ओसरल्यावरही ‘पाणी आलं, पाणी आलं’ अशी नुसती हाक उठली तरी लोक पर्वतीच्या टेकडीकडे धावत सुटत. खऱ्या संकटाची खबर वेळेवर मिळाली नव्हती, म्हणून खोटीवरही विश्वास बसत होता.

पुण्याच्या खाली

मुळा-मुठा नदी पुण्यात थांबत नाही. थेऊरवरून ती दौंड तालुक्यात येते, राहू, देलवडी, पारगाव असे काठ धरत जाते आणि शिरूरच्या रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. खुटबाव हे गाव याच पट्ट्यातलं. पानशेतचं पाणी याच वाटेने गेलं. पुण्यापासून इथवर पाण्याला तास लागतात आणि ते तास खालच्या गावांच्या हक्काचे असतात.

आजही इथे पुराची पहिली खूण म्हणजे ‘विसर्ग वाढलाय, मोटारी काढा’ असा निरोप. पोलीस पाटलाकडून, ग्रामपंचायतीकडून, हल्ली मोबाइलवर. तो आला की नदीवरच्या मोटारी, पाइप, काठची जनावरं वर आणायची धावपळ सुरू होते.

२५ जुलै २०२४, पहाट

पानशेत फुटून ६३ वर्षं झाली होती. खडकवासल्यातून रात्रीतून ३५ हजार क्युसेकपर्यंत पाणी सोडलं गेलं. सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोक जागे झाले तेव्हा पाणी घरात शिरलेलं होतं. आधी सांगितलं नाही, ही त्यांची तक्रार होती. लष्कराला पुन्हा बोलवावं लागलं. डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत पाण्यातून हातगाडी हलवताना विजेचा धक्का बसून तीन तरुण गेले. हीच वाडी १९६१ मध्येही वाहून गेली होती.

क्युसेकचा आकडा ऐकून खुटबावच्या शेतकऱ्याला काय करायचं ते कळत नाही. त्याला हवंय ते एवढंच: हे पाणी राहूला किती वाजता, पारगावला किती वाजता आणि कोणत्या पुलावर चढणार. पाटबंधारे खात्याने निरोपात हे लिहावं. पोलीस पाटलाने तो मोबाइल नसलेल्या म्हातारीपर्यंत, नदीकाठी पालं टाकलेल्यांपर्यंत पायी न्यावा. आणि निरोप मिळालेल्याने अंधारात एकट्याने मोटारीसाठी पाण्यात उतरू नये. आधी वीज बंद करावी, शेजाऱ्याला हाक मारावी, मग दोघांनी मिळून जावं.