मूठभर धान्य आणि गावची शाळा

पंढरपुरातल्या गाडगेबाबांच्या धर्मशाळेत आपल्यापैकी अनेकांनी मुक्काम केला असेल. त्यांनीच उभारलेल्या चोखामेळा धर्मशाळेची गोष्ट मात्र आपण फारशी सांगत नाही. ज्या वारकऱ्यांना पंढरीत इतरत्र कोणी टेकू देत नव्हते, त्यांच्यासाठी बाबांनी ती बांधली आणि १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. वारकऱ्यांच्या निवाऱ्यासाठी लोकांनी दिलेला पैसा असा विद्यार्थ्यांच्या कामी आला. बाबांना यात विसंगती दिसली नाही. कीर्तनात ते पोराला शाळेत घाला म्हणून विनवत, आणि त्यासाठी घरातली भांडी विकावी लागली तरी चालेल म्हणत.

त्याच काळात सातारा भागात कर्मवीर भाऊराव पाटील काम करत होते. १९१९ साली काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी घराघरांतून मूठमूठ धान्य गोळा होई, त्याला मुष्टिफंड म्हणत. दिंडीत चाललेल्या माणसाला ही रीत समजावून सांगावी लागत नाही; आपला शिधाही असाच जमतो. धान्य अपुरे पडले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. पुढे १९५४ साली कराडला निघालेल्या महाविद्यालयाला कर्मवीरांनी सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले. मुष्टिफंडाचे कौतुक सगळेच करतात, पण त्यातली खरी गोष्ट धान्याची नाही. ज्या बाईने मूठ काढून ठेवली, तिला त्या वसतिगृहात काय चालले आहे हे विचारण्याचा हक्क वाटू लागला, ही आहे.

आता आमच्या यवतमाळकडे या. वऱ्हाड १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता आणि १९४८ पासून तिथला स्थानिक कारभार तहसिलीच्या जनपद सभेकडे असे. महाराष्ट्र झाल्यावर १९६० साली सत्तेच्या विकेंद्रीकरणाचा विचार करायला एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते तेव्हाचे महसूलमंत्री वसंतराव नाईक, पुसद तालुक्यातल्या गहुली गावचे. बंजारा घरात जन्मलेल्या या मुलाला प्राथमिक शिक्षणासाठीच परगावी जावे लागले होते. समितीने १९६१ मध्ये अहवाल दिला, त्यावरून कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. गावची प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आली. त्यामुळे शाळा तांड्या-पोडांपर्यंत पोहोचली, हे मोठेच काम. पण तिच्याबरोबर एक सवयही आली. शाळा सरकारची, गुरुजी सरकारचे, गळके छप्परही सरकारचेच! देवळाच्या कळसाला वर्गणी काढणारे गाव शाळेच्या फुटक्या कौलासाठी अर्ज लिहून वाट पाहू लागले. खर्च सरकारने करावा, हे बरोबरच आहे. पण लक्षसुद्धा सरकारनेच ठेवावे?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आणली. तिच्यात तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. कागदावर हा मुष्टिफंडाचाच हक्क आहे, तोही मूठ न घालता मिळालेला. फुकट मिळाल्यामुळेच की काय, पुष्कळ ठिकाणी रजिस्टर घरी येते आणि सही होऊन परत जाते.

समितीपुढचे खरे काम आमच्याकडे दिवाळीनंतर दिसते. कापसाची वेचणी लागली की मजूर घरातली मोठी पोरगी धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी राहते, नाहीतर आईबरोबर वावरात जाते. शहरातल्या साहेबाला हे हजेरीपटावर कळते. शेजारच्या ओळीत वेचणाऱ्या बाईला त्याच दिवशी कळते. म्हणून त्या बाईने समितीत असायला हवे, आणि बैठक भरदुपारी नको, वेचणी उरकल्यावर सांजेला हवी.

घाईही आहे. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूहशाळा करण्याचे प्रस्ताव शिक्षण खात्याने मागवले होते. केळापूर, झरी जामणी, मारेगावकडचे कोलामांचे पोड आठवा. वस्तीच एवढीशी असते, तिथे वीस मुले आणायची कुठून? शाळा दूर गेली तर पहिलीतली पोर पावसाळ्यात नाला ओलांडून जाणार कशी, हे त्या पोडावरच्या आईबापांनीच समितीच्या ठरावात लिहायचे आहे. लिहिता येत नसेल, तर गावातल्या हरिपाठाला बसणाऱ्या एखाद्या साक्षर वारकऱ्याने शेजारी बसून लिहून द्यावे.